अक्षराच्या आधीची शाळा



आपल्यापैकी पुष्कळ जण मोठेपणी वाचायला शिकले. दिवसभर राबून संध्याकाळी पुस्तक हाती धरायचे, म्हणजे किती कष्ट पडतात हे आपल्याला सांगायला नको. आपल्या मुलांवर ही पाळी येऊ नये, असे प्रत्येकालाच वाटते. म्हणून आज आपण तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाचा विचार करू.

गावोगावी अंगणवाडी आहे. तिथे मुलांना आहार मिळतो. त्यांचे वजन घेतात. पण एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. लोक म्हणतात, "बाई नुसतं खेळवतात, गाणी म्हणवतात. अ आ इ काही शिकवत नाहीत!" ही तक्रार बरोबर आहे का? चला, तपासून पाहू.

वाचन कोठून सुरू होते?

बी पेरण्याआधी आपण जमीन तयार करतो. नांगरतो, कुळवतो, ढेकळे फोडतो. मगच पेरतो. अक्षराचेही तसेच आहे.

मूल आधी ऐकते, मग बोलते. गोष्टी ऐकून त्याच्याजवळ शब्द साठतात. गाणी म्हणताना त्याच्या कानाला आवाज कळू लागतात. कमळ, कणीस, कपडा, या तिन्ही शब्दांच्या आरंभी एकच आवाज आहे, हे त्याला समजते. मणी ओवताना, चिंचोके निवडताना, माती मळताना बोटांना वळण लागते. मग पेन्सिल नीट धरता येते. म्हणजे खेळ आणि गाणी ही वाया गेलेली वेळ नव्हे. ती वाचनाची मशागत आहे.

आमची हयात शाळेत गेली. पहिलीत येणारी मुले आम्ही वर्षानुवर्षे पाहिली. ज्या मुलाशी घरी कोणी बोलले नाही, ज्याने गोष्ट ऐकली नाही, ते पहिल्या दिवसापासून मागे पडते. मास्तर त्याला 'मठ्ठ' म्हणतात. पोर मठ्ठ नसते. पण हळूहळू त्यालाही तसेच वाटू लागते. मग ते शाळा चुकवते आणि एक दिवस येतच नाही.

बोर्डीची गोष्ट

हे ओळखणाऱ्या एक थोर बाई आपल्या महाराष्ट्रात होऊन गेल्या. त्यांचे नाव ताराबाई मोडक. त्यांचा जन्म १८९२ सालचा. गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. पुढे मुंबईत दादरला बालमंदिर चालवले. पण त्यांच्या मनात आले, हे शिक्षण खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला कसे मिळणार?

१९४५ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी गावी आल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. दोघींनी बालवाडी काढली. पण गरीब वस्तीतली मुले तिथे येईनात. आईबाप मजुरीला जात. मुलांना आणून सोडायला कोणी नसे.

मग ताराबाईंनी काय केले? आईबापांना दोष देत बसल्या नाहीत. "मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेऊ," असा विचार त्यांनी केला. बाई वस्तीत जाऊ लागल्या. मुलांना स्वच्छ करावे, गाणी म्हणावी, गोष्टी सांगाव्या, खेळ घ्यावे, असा क्रम सुरू झाला. हीच अंगणवाडी!

महागडी साधने घ्यायला पैसा नव्हता. त्यांनी शंख, शिंपले, बिया, पाने, खडे गोळा केले. त्यांवरच मोजणे, निवडणे, रंग ओळखणे शिकवले. १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी भागात गेले. तिथली मुले गुरे राखत. त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली. तिला 'कुरणशाळा' म्हणत. ताराबाई १९७३ साली वारल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, हे काम चालवले.

सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. आज गावोगावी दिसणाऱ्या अंगणवाड्या त्याच योजनेतल्या आहेत.

परदेशातला एक प्रयोग

लहानपणीच्या अशा शिक्षणाचा पुढे उपयोग होतो का, हे काहींनी मोजूनही पाहिले आहे. असा एक प्रयोग अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी या गावी १९६२ साली सुरू झाला. तिथल्या गरीब कृष्णवर्णीय घरांतली १२३ मुले निवडली. त्यांचे दोन गट केले. ५८ मुलांना तीन-चार वर्षांच्या वयात बालशाळेत घेतले. ६५ मुलांना घेतले नाही. शाळा रोज सकाळी फक्त अडीच तास भरे. आणि दर आठवड्याला बाई प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन आईशी बोलत, मुलाबरोबर बसत.

ही मुले चाळीस वर्षांची होईपर्यंत त्यांची माहिती ठेवली. बालशाळेत गेलेल्यांपैकी शंभरात ७७ जणांनी शालान्त शिक्षण पुरे केले होते. न गेलेल्यांत ६० जणांनी. पहिल्या गटाची मिळकतही जास्त होती. प्रयोग एकाच गावातला आणि लहान होता, हे खरे. पण त्यातून शिकण्यासारखे आहे.

सारे कोणावर अवलंबून?

बोर्डी आणि इप्सिलांटी. हजारो मैलांचे अंतर! पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. बाई मुलाच्या घरापर्यंत गेल्या. आणि बाईंच्या पाठीशी काम जाणणारे माणूस उभे होते. नुसती इमारत बांधून, भिंतीवर चित्रे काढून हे होत नाही.

आपल्या अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस असतात. त्यांच्यावर मुख्यसेविका असते. सेविकेला मुलांशिवाय इतरही पुष्कळ कामे असतात. आहार, वजने, लसीकरण, गरोदर बायांची माहिती, शिवाय नोंदी. दिवस यातच गेला तर गोष्ट कधी सांगणार? मुख्यसेविका येऊन केवळ नोंदी तपासून गेली, तर सेविकाही नोंदीच सांभाळील. तिने घटकाभर मुलांत बसून पाहिले, सेविकेला चार युक्त्या सांगितल्या, तर सेविकेचे मनही शिकवण्यात लागेल. पुढाऱ्याची नजर जिकडे, तिकडे काम जाते.

आपण काय करावे?

एक: मुलाला रोज वेळेवर अंगणवाडीत पाठवा.

दोन: महिन्यातून एकदा स्वतः जाऊन बसा. बाई मुलांशी बोलतात का, गोष्ट सांगतात का, मुले बोलती झाली का, ते पाहा. "किती अक्षरे आली?" हा प्रश्न आधी विचारू नका.

तीन: बाईंना साहित्य द्या. चिंचोके, शंख, रंगीत चिंध्या, जुनी वर्तमानपत्रे. याला पैसा लागत नाही.

चार: ग्रामसभेत विचारा. अंगणवाडीला पाणी, संडास, छप्पर आहे का? सेविकेची जागा रिकामी तर नाही? हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

पाच: घरी रोज थोडा वेळ मुलाला जवळ घ्या आणि हेच पुस्तक मोठ्याने वाचून दाखवा. अडखळलात तरी चालेल. ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचा. आपले आईबाप वाचतात, हे मुलाने डोळ्यांनी पाहू द्या. आजच रात्री जेवणे झाल्यावर सुरुवात करा.