हजार किलोंचं अकरा किलो कसं होतं?

नोव्हेंबर २०२१. नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव तालुक्यात, मांजरमजवळ, केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण ब्युरोनं (एनसीबी) आंध्रातून आलेला ट्रक पकडला. आत १,१२७ किलो गांजा. एप्रिल २०२५. लातूरच्या चाकूर तालुक्यात, रोहिणा गावच्या शिवारात महसूल गुप्तचर संचालनालयानं (डीआरआय) छापा घातला. तिथं मेफेड्रोन, म्हणजे बाजारातलं ‘एमडी’, तयार होत होतं. माल निघाला ११.३६ किलो, किंमत सांगितली गेली सुमारे १७ कोटी रुपये.

आता भागाकार करून पाहा. उत्तर येतं जवळपास शंभर! आणि खरी गंमत पुढं आहे. अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यात गांजाचं ‘व्यावसायिक प्रमाण’ २० किलोंच्या पुढं सुरू होतं, मेफेड्रोनचं ५० ग्रॅमच्या पुढं. त्या हिशेबानं ट्रकमधला गांजा मर्यादेच्या छप्पन्नपट भरतो, तर चाकूरचा माल सव्वादोनशेपट. वजनाला शंभरावा हिस्सा, गुन्ह्याच्या काट्यावर चौपट जड.

दोन छाप्यांवरून सिद्धांत उभा राहत नाही. पण या आकड्यांमागं एक जुनं कोडं आहे. लपवून न्यायचं असेल तर कुणी उसाची मोळी नेत नाही, गुळाची ढेप नेतो. बंदीच्या बाजारातही तेच घडतं. गांजाला शेत लागतं, पावसाळा लागतो, ट्रक लागतो आणि वास दडत नाही. एमडीला रसायनं, एक आडोशाची शेड आणि ते बनवायची माहिती पुरते. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात बिअर मागं पडली आणि कडक दारू पुढं आली, ती याच कारणानं. पकडले जाण्याची भीती वाढली की कमी जागेत जास्त नशा मावणारा माल जिंकतो.

याची चाहूल सव्वाशे वर्षांपूर्वीच लागली होती. ब्रिटिश सरकारनं १८९३ मध्ये नेमलेल्या ‘हेंप ड्रग्ज कमिशन’नं देशभर हिंडून ११९३ साक्षीदारांना प्रश्न विचारले. भांग-गांजावर सरसकट बंदी नको, परवाने आणि कर पुरे, असा त्यांचा निष्कर्ष होता. कारण ते बंद केलं तर लोक दारूकडं किंवा आणखी घातक नशेकडं वळतील. पुढं १९८५ चा एनडीपीएस कायदा आला. त्यानं झाडाचे शेंडे, म्हणजे गांजा, गुन्ह्यात घातले. नुसत्या पानांची भांग मात्र त्या व्याख्येबाहेर ठेवली. एकाच रोपाचे दोन न्याय!

मग परवाना दिला की प्रश्न सुटला? इथं धर्माबाद-बिलोलीच्या पलीकडचा शेजारी, तेलंगणातला निजामाबाद, आपल्याला अडवतो. तिथं शिंदी परवान्यानं विकली जाते. पण झाडातून रस निघतो मोजकाच, तो काही तासांत आंबतो, आणि गिऱ्हाईक त्याहून कितीतरी जास्त. ही तूट भरून काढली ती पाण्यानं आणि क्लोरल हायड्रेट, अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या रसायनांनी. २०१५ मध्ये भेसळीवर कारवाई झाली, रसायनाचा पुरवठा तुटला आणि शेकडो माणसं थरथर, भ्रम, फिट्स घेऊन दवाखान्यात पोचली. आपण शिंदी पितो असं त्यांना वाटत होतं; शरीराला सवय लागली होती भुकटीची.

म्हणजे बंदीतला एमडी आणि परवान्यातली शिंदी, दोन्हीकडं वस्तू मूळ रूपापासून रसायनाकडं सरकली. दोन्हीकडं एक गोष्ट सारखी होती: पुडीत किंवा ग्लासात नेमकं काय आहे, हे घेणाऱ्याला सांगणारं कुणी नव्हतं. कॅनडानं २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला तेव्हा पाकिटावर नशेच्या घटकाचं प्रमाण छापणं आणि माल तपासून घेणं बंधनकारक केलं. तरी चोरटा बाजार पुरता संपला नाही. पोर्तुगालनं २००१ मध्ये वेगळी वाट धरली. विक्री गुन्हाच ठेवली, पण स्वतःपुरतं थोडं बाळगणाऱ्याला कोर्टाऐवजी समितीपुढं, गरज असेल तर उपचाराकडं पाठवलं.

म्हणून ‘बंदी की मोकळीक’ हा वाद मराठवाड्यात बसून घालायचा तर आधी दोन गोष्टी विचाराव्या लागतील: तालुक्याजवळ नमुना तपासणारी प्रयोगशाळा आहे का, आणि व्यसन सुटताना होणारा त्रास सांभाळणारा डॉक्टर आहे का? या दोन्ही नसतील तर बंदीतून रोहिण्याची शेड उगवते आणि परवान्यातून निजामाबादची शिंदी.