मोबाईलवरचा ग्रंथ आणि आपले प्रकाशक

आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते, हे वाचकांना सांगायला नको. गेल्या वर्षावासात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वस्तीत आम्ही वाचनाला बसलो होतो. ग्रंथ जुना, पाने सुटलेली, मधली दोन तर गायबच. कॉलेजात शिकणारी एक मुलगी म्हणाली, “माझ्या मोबाईलवर आहे, मी वाचते.” एक आजोबा रागावले. “मोबाईलात कुठं धम्म वाचतात काय, पोरी?” ती म्हणाली, “आजोबा, अक्षरं तीच आहेत.” आजोबा मग शेवटपर्यंत बसून राहिले.

आजोबांचे आम्ही समजू शकतो. पण पुस्तके छापणाऱ्या आपल्याच बांधवांचे काय? दीक्षाभूमीवर एका प्रकाशकबंधूंना आम्ही विचारले, ही पुस्तिका मोबाईलवर वाचता येईल अशी का काढत नाही? ते म्हणाले, “एक जण घेईल अन् शंभरांना फुकट पाठवील. आम्ही खावे काय?” त्यांची भीती अगदीच खोटी नाही. कागद महाग, गाडीभाडे महाग आणि विक्रीचे मोठे दिवस वर्षातून तीनच : १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर.

तरीही आमच्यासारख्या कारकुनी हिशेब करणाऱ्याला एक गोष्ट खटकते. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ साली परिषद रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी आपले भाषण स्वतः छापले. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. किंमत होती आठ आणे. ती कमी करावी, अशी सूचना गांधीजींनी ‘हरिजन’मधून केली होती. आज तेच इंग्रजी भाषण कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येते. म्हणून ‘जातिभेद निर्मूलन’ची छापील प्रत स्टॉलवरून उठली काय? आम्हाला तर ती दरवर्षी दिसते, आणि विकत घेणारेही दिसतात.

नुसत्या कागदावर विसंबण्याचा अनुभवही आपल्याला आहे. वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून शासनाने बाबासाहेबांचे खंड काढले. २०२१ साली ‘लोकसत्ता’ने बातमी दिली की ९ लाख प्रती छापायच्या ठरल्या असताना ३३ हजारच छापल्या गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ज्यांना खंड मिळाले नाहीत, त्यांनी इंग्रजी खंड भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतले.

आमच्या मते खरी अडचण चोरीची नाही, अक्षरांची आहे. त्या मुलीच्या मोबाईलवरचा ग्रंथ म्हणजे पानांचे नुसते फोटो. बोटांनी ताणून-ताणून ती वाचत होती. ‘अष्टांगिक मार्ग’ हा शब्द टाकून शोधू म्हटले तर सापडेना. आपली बरीच पुस्तके श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेली आहेत. त्यात पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते भलतेच चिन्ह असते. दुसऱ्या यंत्रावर फाईल उघडली की सगळा कचरा. युनिकोडमध्ये तसे होत नाही. तिथे ‘क’ म्हणजे सगळीकडे ‘क’च. शब्द शोधता येतो, अक्षर मोठे करता येते, आणि मोबाईल तो मजकूर मोठ्याने वाचूनही दाखवतो. ज्या आयांना शाळेचे तोंड पाहता आले नाही, त्यांच्यासाठी ही केवढी सोय!

जुनी फाईल युनिकोडमध्ये बदलणारी साधने फुकट मिळतात. मात्र जोडाक्षरे बिघडतात, मुद्रिते कोणीतरी डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात. आपल्या वस्त्यांत डीटीपी शिकलेली पोरे रिकामी बसली आहेत. प्रकाशकांनी त्यांना चार पैसे देऊन हे काम का करून घेऊ नये? बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा स्वामित्वहक्क २०१६ अखेर संपला आहे. सुरुवात तिथून करता येईल.

ता. क. – अशोक विजयादशमीला ती मुलगी दीक्षाभूमीवर गेली होती. वर्षावास संपायला पाच दिवस उरले असताना तिने विहारात ग्रंथाची नवी छापील प्रत आणून ठेवली. पैसे तिच्याच शिकवणीचे.