हवेची परीक्षा घेणारी माणसं : वणीच्या खाणीपासून ऑपरेशन थिएटरपर्यंत १४ चटपटीत गोष्टी

यवतमाळ जिल्हा म्हटलं की आधी आठवतो तो कापूस. पण जिल्ह्याच्या पूर्वेला, वर्धा नदीच्या खोऱ्यात, वणी तालुक्याच्या पोटात कोळसा आहे. उकणी, घोन्सा, कोलारपिंपरी ही नावं उघड्या खाणींची. राजूर, भांदेवाडा, कुंभारखणी ही भूमिगत खाणींची. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, या पट्ट्यात ट्रक दिसतात, डंपर दिसतात, काळी धूळ दिसते. दिसत नाही ती हवा, आणि जमिनीखाली सगळा खेळ तिचाच असतो. ती किती आली, कुठून गेली, तिच्यात काय मिसळलं, हे तपासायला शिकावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. त्या शिक्षणातल्या या काही भन्नाट गोष्टी.

१. एक टन कोळसा, चार टन हवा

भूमिगत कोळसा खाणीच्या नियमात एक आकडा आहे: रोजच्या उत्पादनातल्या दर टनामागे मिनिटाला किमान २.५ घनमीटर हवा. गुणाकार करून बघा. दिवसाची १,४४० मिनिटं धरली तर होते ३,६०० घनमीटर. एक घनमीटर हवेचं वजन साधारण सव्वा किलोच्या थोडं खाली, म्हणजे ही झाली चार टनांहून जास्त हवा! कोळसा खाणीतून बाहेर येताना सगळ्यांना दिसतो. त्याच्या चौपट वजनाची हवा रोज आत-बाहेर होते, तिच्याकडे कुणी बघतही नाही.

२. माणशी ६ घनमीटर

दुसरा नियम माणसांच्या हिशेबाने चालतो. सर्वात मोठ्या पाळीत जितकी माणसं, तितक्यांसाठी माणशी मिनिटाला ६ घनमीटर हवा. दोन्ही हिशेबांत जो आकडा मोठा येईल तो लागू. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. नियम त्याच्यासाठी सहा हजार लिटर मागतो. इतकी उधळपट्टी कशाला? कारण ही हवा फक्त श्वासासाठी नसते. वायू विरळ करणं, धूळ वाहून नेणं, उष्णता बाहेर काढणं ही कामंही तिच्याच अंगावर आहेत.

३. वास न येणाऱ्या वायूची परीक्षा

खाणीत उतरणाऱ्या नव्या कामगाराला आधी प्रशिक्षण केंद्रात बसावं लागतं. त्यासाठी १९६६ पासून देशभर वेगळे व्यवसाय प्रशिक्षण नियम आहेत, आणि ठरावीक वर्षांनी उजळणीही सक्तीची आहे. पुढे सरदार किंवा ओव्हरमन, म्हणजे खाणीतला पर्यवेक्षक, व्हायचं असेल तर खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या परीक्षा द्याव्या लागतात. त्यांच्या जोडीला प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं आणि आणखी एक: गॅस टेस्टिंगचं. म्हणजे ज्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, तो मिथेन ओळखता येतो हे सिद्ध करून दाखवायचं.

४. ज्योतीच्या डोक्यावर निळी टोपी

ही ओळख पटते कशी? सुरक्षा दिव्याची वात खाली करायची, ज्योत अगदी बारीक करायची आणि डोळे बारीक करून पाहायचं. हवेत मिथेन असेल तर ज्योतीच्या माथ्यावर फिकट निळी टोपी उगवते. साधारण सव्वा टक्का मिथेनला ती जेमतेम दिसते. प्रमाण वाढलं की टोपी उंच होत जाते. नियमाची रेघही नेमकी तिथेच आहे. खाणीत कुठेही १.२५ टक्क्यांवर मिथेन गेला की तिथली वीज बंद. परत जाणाऱ्या सर्वसाधारण हवेसाठी मर्यादा आणखी कडक, ०.७५ टक्के. ती रेघ दिव्याला दिसण्याच्या आतच येते, म्हणून त्यासाठी बारीक मोजणारं मीटर लागतं.

५. जाळी आगीला अडवते

हा दिवा हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये इंग्लंडमध्ये बनवला. त्याची करामत साधी तारेची बारीक जाळी. जाळी ज्योतीची उष्णता इतक्या झपाट्याने पसरवते की बाहेरचा वायू पेटण्याइतका तापतच नाही. डेव्हीने या दिव्याचं पेटंट घेतलं नाही. त्याच सुमारास रेल्वे इंजिनवाला जॉर्ज स्टीफन्सनही स्वतःचा सुरक्षा दिवा घेऊन पुढे आला आणि आधी कोणाचा, यावर मोठा वाद रंगला. दिव्याचा आणखी एक उपयोग म्हणजे ऑक्सिजनची राखण. ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांपर्यंत उतरला की ज्योत विझते. नियम तर १९ टक्क्यांच्या खाली जाऊच देत नाही.

६. एक वर, एक खाली

नवशिक्याला पहिला धडा: मीटर कुठे धरायचं? मिथेन हवेच्या जेमतेम निम्म्या वजनाचा, म्हणून तो छताला चिकटतो. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, म्हणून तो पायाशी, खोलगट भागात साचतो. कार्बन मोनॉक्साइडचं वजन जवळजवळ हवेइतकंच, त्यामुळे तो कुठेही सापडू शकतो. हायड्रोजन सल्फाइड सर्वात फसवा. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि संकट टळलं असं वाटू लागतं. म्हणून प्रशिक्षणात पक्कं ठसवतात की नाक हे उपकरण नव्हे.

७. पिवळ्या पाखराची नोकरी

स्फोटानंतर खाणीत कार्बन मोनॉक्साइड आहे का, हे कळायला कॅनरी पक्षी न्यायची कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांची, १८९० च्या दशकातली. पक्ष्याचा श्वास जलद, शरीर छोटं, त्यामुळे विषाचा परिणाम माणसाआधी त्याच्यावर दिसतो. हॉल्डेन नुसते सल्ले देणारे नव्हते. कार्बन मोनॉक्साइड त्यांनी स्वतः हुंगून आपल्या शरीरावरचे परिणाम टिपले होते. ब्रिटनमध्ये कॅनरींना निवृत्त करून इलेक्ट्रॉनिक यंत्रं आणायचं ठरलं ते थेट १९८६ मध्ये.

८. मीटरचाही आंधळा कोपरा

आजच्या अनेक मिथेनोमीटरमध्ये एक चिमुकला तापलेला मणी असतो. त्याच्यावर मिथेन जळतो, मणी आणखी तापतो, विजेचा रोध बदलतो आणि पडद्यावर आकडा येतो. पण जळायला ऑक्सिजन हवा! मिथेन फार जास्त आणि ऑक्सिजन फार कमी असेल तर हाच मीटर खोटा, कमी आकडा दाखवू शकतो. मिथेनचा स्फोट होतो तो साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या मधे. त्याच्या वरच्या बाजूला मीटर शांत दिसला तरी हुरळून जायचं नाही. यंत्र वापरायला दहा मिनिटांत येतं. यंत्रावर कधी विश्वास ठेवायचा नाही, हे शिकायला खरं प्रशिक्षण लागतं.

९. मोजणाराच हवा अडवतो

हवेचा वेग मोजायचं ॲनिमोमीटर म्हणजे पात्यांचं छोटं चक्र. १८४२ मध्ये बेंजामिन बायरम या इंग्रजाने असं यंत्र खाणींसाठी तयार केलं. ते हातात घेऊन नुसतं उभं राहून चालत नाही. बोगद्याच्या मधोमध हवा जोरात वाहते, भिंतीलगत रेंगाळते, म्हणून मीटर ठरलेल्या वेळात संपूर्ण छेदभर एकसारखं फिरवायचं. शिवाय मोजणाऱ्याचं स्वतःचं शरीर वाट अडवतं आणि उरलेल्या जागेतून हवा जोरात सुटते. मग हात लांब धरायचा, बाजूला उभं राहायचं आणि हिशेबात तेवढी दुरुस्ती करायची. शेवटी वेग गुणिले क्षेत्रफळ, की आली मिनिटाला घनमीटरमध्ये हवा. क्षेत्रफळ चुकलं तर सगळंच चुकलं, म्हणून टेपही मीटरइतकाच महत्त्वाचा.

१०. धूर सोडा, घड्याळ बघा

हवा इतकी मंद असेल की पातीच फिरत नाहीत, तर काय? धुराच्या नळीतून एक पिचकारी मारायची आणि तो ढग ठरावीक अंतर किती सेकंदांत कापतो ते मोजायचं. पंख्याजवळच्या जोरदार वाऱ्यात मात्र पिटो नळी लागते. फ्रेंच अभियंता हेन्री पिटो याने ती १७३२ मध्ये काढली ती पॅरिसच्या सीन नदीच्या पाण्याचा वेग मोजण्यासाठी. आज तीच नळी विमानाचा वेगही सांगते.

११. कुलरचं विज्ञान, खाणीचा कायदा

मे महिन्यात वणीत पारा ४५ च्या आसपास असताना कुलर का चालतो? हवा कोरडी असते, पाणी भराभर उडतं आणि गारवा येतो. खाणीतली उष्णता मोजणारं उपकरण याच तत्त्वावर चालतं: दोन थर्मामीटर, त्यातल्या एकाच्या फुग्यावर ओलं फडकं, आणि सगळं हातात धरून गरागरा फिरवायचं. ओल्या थर्मामीटरचा आकडा ३३.५ अंशांच्या वर जाता कामा नये, ३०.५ च्या वर गेला तर हवेचा वेग सेकंदाला किमान एक मीटर हवा. हा ओला आकडा म्हणजे घाम उडून अंग किती गार होऊ शकेल याची मर्यादा. श्रावणात कुलर निरुपयोगी होतो, तशीच दमट बोगद्यात माणसाच्या घामाची गत होते. कोरडा पारा कमी असूनही जीव तिथे जास्त धोक्यात असतो.

१२. कोळसा आपोआप पेटतो, आणि हवा चुगली करते

वर्धा खोऱ्यातला कोळसा आपसूक तापण्यासाठी ओळखला जातो. हवेतला ऑक्सिजन शोषताना तो गरम होतो. उष्णता बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर काडी न लावता धुमसू लागतो. धूर दिसेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. म्हणून हवेचे नमुने घेऊन किती ऑक्सिजन घटला आणि त्या बदल्यात किती कार्बन मोनॉक्साइड तयार झाला, याचं गुणोत्तर काढतात. त्याला ग्रॅहम गुणोत्तर म्हणतात. ते एक टक्क्याकडे सरकलं की कान टवकारायचे. तीन टक्के म्हणजे आग लागलेलीच समजायची. एकट्या आकड्यापेक्षा रोजचा चढ महत्त्वाचा, म्हणून नमुना एकदा घेऊन भागत नाही.

१३. पांढऱ्या सोन्याची धूळ आणि सोमवारची छाती

आता जिल्ह्याच्या दुसऱ्या सोन्याकडे. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षं काम केलेल्यांना बिसिनोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. त्याची खूण चमत्कारिक आहे: छाती आवळते ती सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी, म्हणून जगभर त्याची ओळख सोमवारचा आजार अशी. आपल्याकडे कायद्याने तो कळवणं सक्तीचं केलं आहे. ही धूळ मोजणारं यंत्र उभ्या नळकांड्यासारखं असतं. हवा हळूच वर ओढली जाते, जड तंतू खाली राहतात आणि श्वासात जाणारी बारीक धूळ तेवढी वरच्या फिल्टरवर जमते. अमेरिकेने १९७८ मध्ये सूतगिरण्यांसाठी मर्यादा घातली, दर घनमीटरला अवघे २०० मायक्रोग्रॅम. मिठाच्या मोजक्याच दाण्यांत भागेल इतकं हे वजन!

१४. ऑपरेशन थिएटरचा गाळणा आणि वॉर्डाची खिडकी

हवा गाळण्यातला राजा म्हणजे हेपा फिल्टर. त्याची पाळंमुळं १९४० च्या दशकातल्या अणुबाँब प्रकल्पात आहेत. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो अडवतो. नेमके ०.३ च का? कारण ते पकडायला सर्वात अवघड. त्याहून मोठे कण तंतूंवर आदळतात. त्याहून बारीक कण वेडेवाकडे भरकटतात आणि तंतूला चिकटतात. मधलेच निसटतात. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातलं थिएटर असो की मुंबईतलं, फिल्टर नवा आहे म्हणून तो निर्दोष ठरत नाही. गळती बहुधा चौकटीच्या कडेने होते. म्हणून तेलाचे सूक्ष्म तुषार एका बाजूने सोडून दुसऱ्या बाजूने इंचाइंचावर मीटर फिरवतात, ०.०१ टक्का निसटला तरी फिल्टर नापास.

आणि जिथे फिल्टर नाही तिथे? हवेतून पसरणाऱ्या आजारांच्या वॉर्डात नैसर्गिक वायुवीजन असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये एका रुग्णामागे सेकंदाला सरासरी १६० लिटर हवा सुचवली. मिनिटाला झाली ९.६ घनमीटर, म्हणजे खाणीतल्या माणसाच्या वाट्याच्या दीडपटीहून जास्त! समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असल्या तर एवढी हवा बिनखर्चात येऊ शकते. हिवाळ्यात त्या लावून घेतल्या की सगळा हिशेब बदलतो.

खाणीत हवा मोजून झाली की काम संपत नाही. आकडा पानं क्रमांकित केलेल्या, बांधीव वहीत जातो आणि त्याखाली मोजणाऱ्याची सही येते. पुढे कुणी विचारलं तर उत्तर द्यायला एक नाव असतं. हा शिरस्ता जिनिंगला हवा, दवाखान्याला हवा, साठ मुलं बसवणाऱ्या क्लासलाही हवा. पंखा फिरतोय म्हणजे हवा खेळतेय असं नाही, आणि एसी गार आहे म्हणजे हवा स्वच्छ आहे असंही नाही. जिथे तुम्ही रोज आठ तास श्वास घेता, तिथे तीन प्रश्न विचारा: हवा शेवटची कधी तपासली? तपासणारा हे काम शिकलेला होता का? आकडा कुठल्या वहीत आहे? वणीचा खाण कामगार हे तीन प्रश्न कायद्याच्या आधाराने विचारू शकतो. तोच हक्क जमिनीवरच्या माणसालाही मिळायला हवा.