दुसरी किल्ली

मागच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. सोसायटीच्या आवारात गाडी मागे घेत होते आणि काहीतरी कडाडले. उतरून पाहते तर चाकाखाली शेजारच्यांच्या नातवाची तीनचाकी सायकल. पोरगा मिनिटापूर्वीच पाणी प्यायला वर गेला होता. त्याची आजी खाली आली, सायकलीकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘सायकलच ना? जाऊ द्या.’’

त्या ‘सायकलच ना’ने रात्रभर डोळ्याला डोळा लागू दिला नाही.

तीस वर्षे मी मोटार चालवते आहे. पण साठी ओलांडली आणि मान मागे वळेनाशी झाली. पूर्वी आमचे हे गाडीमागे उभे राहून ‘येऊ दे, येऊ दे... बस्स!’ करीत. आता गुडघ्यांनी त्यांना गॅलरीत बसवले आहे.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. आमची गाडी २०१४ सालची. तेव्हा बाराशे रुपयांना चार सेन्सरची पेटी आणली. गॅरेजवाला म्हणाला, ‘‘मॅडम, तासाभरात बसवून देतो.’’ पण बँकेतली जुनी खोड. जे व्हाउचर समजले नाही, त्यावर सही करायची नाही. ज्याच्या भरवशावर पोरांमधून गाडी मागे घ्यायची, त्याला काय कळते आणि काय कळत नाही, हे मला ठाऊक हवे होते.

युक्ती वटवाघळाची आहे. सेन्सर सेकंदाला सुमारे ४० हजार कंपनांचा आवाज सोडतो. आपला कान २० हजारांच्या पुढे बहिरा. तो आवाज वस्तूवर आपटून परत येतो. एक मीटर जाऊन परतायला त्याला सेकंदाच्या हजार भागांपैकी जेमतेम सहा भाग लागतात. त्या वेळावरून डबी अंतर काढते आणि भोंगा वाजवते.

रविवारी सकाळी हँडब्रेक ओढून कामाला बसले. बंपरवर कागदी चिकटपट्टी लावली, जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर रेघ मारली आणि सारख्या अंतरावर चार खुणा केल्या. खुणेमागे लोखंडी पट्टी नाही ना, हे खालून हात घालून पाहिले. आधी बारीक भोक, मग पेटीतल्या २२ मिलिमीटरच्या गोल करवतीने मोठे. पहिल्या भोकाला हात थरथरला. एकदा पडलेले भोक खाडाखोड करून बुजत नाही. ‘वर’ असा बाण असलेली बाजू वर ठेवून सेन्सर दाबून बसवले. बाण उलटा झाला तर तो जमिनीलाच अडथळा समजण्याची भीती.

वायरींचे काम सोपे निघाले. गाडी रिव्हर्समध्ये टाकली की मागे पांढरा दिवा लागतो. डबीला वीज त्याच्याच वायरीतून द्यायची. नेमकी वायर टेस्ट लॅम्पने शोधली, बॅटरीची ऋण तार सोडवली आणि मगच जोड दिले. डिकीत डबी चिकटवली. गॅलरीतून सूचना येत होत्या. त्यांची आवक नोंदवून घेतली.

मग आली तपासणी. भिंत दीड मीटरवर असताना भोंगा सावकाश बोलू लागला, जवळ जाताच घाई करू लागला आणि ३० सेंटिमीटरवर सलग ओरडला. शाबास! पण बारीक बांबू उभा केला, तर एकदा दिसला, एकदा नाही. जमिनीवरची वीट दिसलीच नाही. शेवटी गोधडीचे गाठोडे बांधून ठेवले, खाली बसलेल्या पोराएवढे. मऊ कापड आवाज पिऊन टाकते. भोंगा वाजला, पण फार उशिरा.

मी गाडी बंद करून बराच वेळ तशीच बसून राहिले.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोघांकडे. एकट्याच्या किल्लीने तिजोरी उघडत नाही. सेन्सर ही दुसरी किल्ली आहे. उपयोगाची खरी, आणि कितीदा तरी तिने मला खांबापासून वाचवले आहे. पण पहिली किल्ली माझ्याकडेच राहायची आहे. सेन्सर गप्प आहे याचा अर्थ मागे कोणी नाही, असा होत नाही.

म्हणून आता गाडीत बसण्याआधी मी गाडीभोवती एक फेरी मारते, वाकून खाली पाहते. हे वरून विचारतात, ‘‘झाली का प्रदक्षिणा?’’ शेजारच्या पोराला मी नवी तीनचाकी आणून दिली आहे. मला पाहिले की तो ती ओढत जिन्यापाशी नेतो आणि तिथून ओरडतो, ‘‘आजी, येऊ दे!’’

तरीही मी फेरी मारतेच.