कंगवा, कागद आणि कोराडीची राख

हिवाळ्याच्या कोरड्या सकाळीं कामठीच्या घराघरांतून वेणीफणी चालली असतां वाचकांनीं एक गंमत पाहिली असेलच. प्लॅस्टिकचा कंगवा केसांतून चारदोन वेळां फिरविला म्हणजे केस त्याजकडे ओढले जातात, एकमेकांपासून मात्र दूर पळतात. मुलें तोच कंगवा कागदाच्या कपट्यांवर धरून त्यांस नाचवितात. आपल्याच तालुक्यांतील कोराडीच्या वीजकेंद्रांत हाच नियम अहोरात्र राबत असतो, आणि आपल्या अंगणांत राख किती पडावी हें बऱ्याच अंशीं त्याजवर अवलंबून असतें.

विद्युद्भार दोन प्रकारचे: धन आणि ऋण. घर्षणानें कंगवा व केस यांवर परस्परविरुद्ध भार येतो. विरुद्ध भार एकमेकांस ओढतात, सजातीय भार एकमेकांस लोटतात. म्हणून केसाला कंगवा हवासा होतो आणि शेजारचा केस नकोसा! फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोंब यानें १७८५ सालीं मोजून दाखविलें, कीं अंतर दुप्पट झालें म्हणजे हें बल चतुर्थांशावर येतें. पावसाळ्यांत मात्र हा खेळ साधत नाहीं. दमट हवेंत भार टिकत नाहीं.

कोराडीस १९७४ सालापासून दगडी कोळसा जाळून वीज निर्माण होत आहे. आपल्या कोळशांत राख पुष्कळ, शेकडा ३० ते ४० पर्यंत. तिचा बहुतेक भाग पिठासारखा बारीक होऊन धुराबरोबर निघतो. धुराड्यापूर्वीं त्याच्या वाटेंत लोखंडी पत्र्यांच्या उभ्या रांगा असतात व त्यांच्यामध्यें तारा टांगलेल्या असतात. तारांस हजारों व्होल्टांच्या दाबाची ऋणविद्युत् दिली म्हणजे भोंवतालच्या कणांवर ऋण भार बसतो. ते तारेपासून लोटले जाऊन, जमिनीशीं जोडलेल्या पत्र्यांस चिकटतात. हातोड्यांनीं पत्रे ठोकले कीं राख खालच्या नरसाळ्यांत पडते. यंत्र सुस्थितींत असल्यास शेकडा ९९ हून अधिक राख अशी पकडतां येते.

परंतु नियम दुधारी आहे. आपल्याकडील राख आपला भार सहजासहजीं सोडीत नाहीं. पत्र्यावरील थर दाट झाला, कीं त्यांत सांचलेला भार मागून येणाऱ्या कणांसच अडवूं लागतो. म्हणून पत्रे वेळच्या वेळीं झाडणें प्राप्तच आहे.

शिवाय पकडलेली राख नाहींशी थोडीच होते? जुलै २०२२ मध्यें अतिवृष्टींत या केंद्राच्या खसाळा येथील राख-तलावाचा बांध फुटला आणि राखेचें पाणी शेतांत शिरलें. हवेंतील संकट पाण्यावाटे परतलें! राख धुरांतून वेगळी काढण्याचें काम निसर्गनियम करील. तिच्या विटा व सिमेंट करावें कीं ती तलावांत सांचवीत राहावें, हें माणसानेंच ठरवावयाचें आहे.