सॉफ्टवेअर बदलताना डबलबारी जपायची कशी?

सिंधुदुर्गात दोन बुवांमधील डबलबारीचा भजनी सामना आजही रात्र जागवतो. त्याचे ध्वनिमुद्रण पूर्वी कॅसेटवर होई. आता ते संगणकावर होते. मात्र वर्षानुवर्षे हाताशी असलेले सॉफ्टवेअर सोडून नवे घेताना जुन्या बाऱ्या हातच्या जाण्याचा धोका असतो.

हा बदल नेहमी हौसेचाच असतो असे नाही. अॅपलने २००२ मध्ये जर्मनीची इमॅजिक कंपनी घेतली आणि ‘लॉजिक’ची विंडोज आवृत्ती बंद झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने ‘केकवॉक’चे काम थांबवले. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँडलॅबने ते विकत घेईपर्यंत वापरकर्ते अधांतरी होते.

अडचणीचे मूळ प्रोजेक्ट फाइलमध्ये आहे. तिच्यात बहुधा ध्वनी नसतो. कोणता तुकडा कोठे ठेवला, कोणाचा आवाज किती वाढवला, याची ती टिपणवही होय. दुसऱ्या सॉफ्टवेअरला ती बहुधा वाचता येत नाही. म्हणून जुने सॉफ्टवेअर चालू आहे तोवरच पेटी, पखवाज, झांज आणि बुवांचा आवाज यांचे ट्रॅक शून्य सेकंदापासून, सारख्या लांबीच्या वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवावेत. एकदा इफेक्टसह, एकदा त्यांविना. आठ ट्रॅकच्या तीन तासांच्या बारीला २४ बिटमध्ये सुमारे १२ जीबी जागा लागते. ती महाग नाही.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये प्रथम सॅम्पल रेट पाहावा. ४४.१ किलोहर्ट्झचे मुद्रण रूपांतर न करता ४८ वर वाजले, तर ते जलद होते आणि सुमारे दीड श्रुतीपट्टीने, म्हणजे पेटीच्या दीड पट्ट्यांनी चढते. काळी चारचे भजन पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मध्येच कोठेतरी ऐकू येते. तेथे कोणतीच पेटी जुळणार नाही!

दुसरा धोका लयीचा. ‘एबलटन लाइव्ह’सारखी सॉफ्टवेअर लांब फाइल आत घेताना ठोके स्वतःच ओळखून ताणू शकतात. ठरावीक गतीच्या संगीताला ते सोयीचे. पण गजरात लय चढत जाते, हीच त्याची गंमत. ही ‘वार्प’ची सोय आधी बंद करावी.

बोटांची सवय बदलायला वेळ लागतोच. तोवर नव्या सॉफ्टवेअरवर एखादा छोटा अभंग मुद्रित करून पाहावा. प्रत्यक्ष सामन्याचे मुद्रण जुन्यावरच करावे.