फळीच्या पाठीला वारा हवा

नव्या बंगल्याच्या दर्शनी भिंतीला लाकडी फळ्यांची हौस आता बुलडाणा, चिखली, खामगावकडेही आली आहे. हौस चांगलीच आहे. पण थेट गिलाव्यावर ठोकलेले लाकूड दोन-चार पावसाळ्यांत काळवंडते, फुगते, आणि खापर फुटते सागावर.

लाकूड भिजले म्हणून कुजत नाही, ओल अडकून राहिली की कुजते. ओलावा 20 टक्क्यांखाली राहिला तर बुरशी धरत नाही. म्हणून आधी भिंतीवर उभ्या रिपा मारायच्या आणि त्यांवर आडव्या फळ्या. मागे दोनेक सेंटिमीटरची पोकळी राहते. तिची वरची-खालची तोंडे उघडी ठेवून जाळी लावली की खालून शिरलेली हवा तापून वर निघते आणि फळीची पाठ सुकवते. घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याच्या उन्हाळ्यात, याच फळ्या भिंतीवर सावली धरतात.

सर्वांत खालची फळी जमिनीपासून वीतभर वर हवी, नाहीतर पावसाचे शिंतोडे आणि उधई दोन्ही तिला गाठतात. फळीची कापलेली टोके सर्वाधिक पाणी पितात. तेलाचा हात आधी तिथे द्यावा. ओल्या सागात लोखंडी खिळा काळे डाग सोडतो, म्हणून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत. जळगाव जामोद-संग्रामपूरच्या सातपुड्यात सागाचे रान आहे, त्यामुळे साग आपल्या ओळखीचा. तरीही घेताना गाभ्याचाच घ्यावा. सालीलगतचा फिकट भाग उधई सहज पोखरते. उन्हाने फळी राखाडी झाली तर घाबरू नये, तो केवळ वरच्या थरातला बदल असतो.

जुन्या कारागिरांना हे ठाऊक होते. आपल्याकडच्या वाड्यांत खांब-तुळया ओसरीच्या छायेत असत. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याचा कोरीव लाकडी दर्शनी भाग रस्त्यावर असूनही दोनशे वर्षे टिकला.

आगीचा विचार मात्र हौसेआधी करावा. शनिवारवाड्याचे लाकडी मजले 1828 मध्ये जळाले. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 2017 साली 72 माणसे गेली. तिथे बाहेर लाकूड नव्हते. प्लॅस्टिकचा गाभा असलेले ॲल्युमिनियमचे पत्रे होते आणि मागच्या पोकळीतूनही आग वर चढली. तेव्हा बहुमजली इमारतीत प्रत्येक मजल्यावर या पोकळीत आग अडवणारा पट्टा हवाच.

काम सुरू होण्याआधी मिस्त्रीला एवढे नक्की विचारा: फळीमागे जागा किती सोडणार, आणि तिथली हवा बाहेर कुठून निघणार?